खंभ्याच्या अलीकडे

तात्यापारा, रायपूर
रविवार, २९ जून २००८

प्रिय इंदूस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वनमालावहिनीचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर चालू आहे. पराग नव्या नोकरीत रुळला. बापानं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो आणि हिंदीत विचारलं की मोबाईलमध्ये पाहतो. फोनवर काय वाट्टेल ते बोला पण महिन्याला एक पत्र मराठीत लिहा, हा बाबांचा नेम आपल्या दोघांबरोबरच संपणार असं दिसून राहिलं. रेल्वेच्या बदलीनं मुलूख सुटला तेव्हा पोट्ट्यांची भाषाही सुटेल, याची केवढी धास्ती होती त्या माणसाला! तू राजनांदगावात हेडबाई झालीस म्हणून माझ्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवू नको, एवढीच विनंती.

आता खरी बातमी. आमचं सरईडीह उभं राहिलं.

तेलीबांध्याच्या पुढं नव्या राजधानीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना नुसतं सपाट. रस्ता एवढा रुंद, की त्यावर चार बैलगाड्या आडव्या लावून वर म्हशी बांधता येतील. सध्या तेवढंच होतं त्याच्यावर. त्या सपाटीत सरईडीह एकटं उंच बसलं आहे. डीह म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. कलचुरी राजांच्या काळापासून माणसं तिथं घरावर घर बांधत आली म्हणतात, म्हणून गाव वर आलं. कुदळ मारली की खापर निघतं. देवळाचा चौथरा तेवढा उरला. त्याची कोरीव चौकट तळ्याच्या पायऱ्यांत बसली आहे आणि तिच्यावर बायका धुणं आपटत आल्या. लोहाराची भट्टी आहे, कोसा रेशीम विणणाऱ्या कोष्ट्यांची दोन घरं, एक कुंभार, एक सुतार. आजूबाजूची गावं राजधानीत गेली, हे एक दाखवायला ठेवलं. 'शिल्पग्राम' म्हणून. खात्यानं मला हेड ड्राफ्ट्समन म्हणून तिथं बसवलं तेव्हा वनमाला म्हणाली, रिटायर व्हायच्या आधी एकदाचं तुमचं नाव दगडावर येऊ द्या. आलं. दगडावर आठव्या ओळीत आहे, पण आहे.

गावाचा जीव म्हणजे तळं. इकडे तळ्याचं लग्न लावतात, हे तर तू लहानपणापासून ऐकत आलीस. लग्नाशिवाय त्याचं पाणी देवाला चालत नाही. सरईच्या लाकडाचा खांब कोरतात, त्याला हळद लावतात आणि पाण्यात रोवतात. तोच नवरा. बाकी गावांत हा खंभा तळ्याच्या मधोमध असतो, सरईडीहात मात्र पायऱ्यांपासून पंचवीस हातांवरच होता. भैय्यालाल म्हणून सत्तरीचा सुतार आहे, त्याच्या आज्यानं रोवलेला. उन्हाळ्यात तळं कोरडं केलं होतं, तेव्हा आम्ही तो क्रेननं उपसला, साफ केला आणि काचेच्या खोलीत उभा केला. इतकं देखणं कोरीव काम पाण्याखाली कोण पाहणार? नवा खंभा बसवला तो मधोमध, मंडपाच्या बरोबर समोर. फोटोत मंडप, पायऱ्या आणि खंभा एका रेघेत येतात. ती रेघ माझ्या हातची. जुन्या जागचा खड्डा भरून घेतला.

उद्घाटन दणक्यात झालं. भैय्यालाल तेवढा रुसून बसला आहे, मी दिसलो की रंधा खाली ठेवून आत जातो. गावच्या बायकाही तळ्यावर यायच्या बंद झाल्या. अर्धा कोस चालून दुसऱ्या छोट्या तळ्यावर, डबरीवर, धुणं नेतात. नव्या फरशीचा संकोच वाटत असेल.

तुझ्यासाठी आमंत्रण आहे. राखीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला, भोजलीचा मोठा कार्यक्रम. शाळाशाळांच्या मुली टोपलीतले गव्हाचे अंकुर डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतील आणि सोडतील. तुझ्या शाळेचं नाव मीच साहेबांना सुचवलं. चाळीस मुली आण. आपली पायल पण आली पाहिजे. तिच्या मामानं काय केलं ते पाहू दे एकदा.

तुझा दादा,
नरहरी

*

तात्यापारा, रायपूर
रविवार, २० जुलै २००८

प्रिय इंदूस,
आशीर्वाद.

तू इतक्या लवकर हो म्हणशील असं वाटलं नव्हतं. बस ठरवलीस, पालकांच्या सह्या घेतल्यास, हिरव्या साड्या पण आणल्यास. धन्य आहे बाई. पायलचा फोन आला होता. "मामा, सबसे आगे मैं रहूँगी!" म्हणे. मी म्हटलं, पुढं राहणाऱ्याला फोटोत डोळे मिटलेले येतात. तर म्हणते, मिटणारच नाही. तेरा वर्षांची पोट्टी, काय जिद्द!

पाऊस बरा आहे. तळं पायऱ्यांच्या तिसऱ्या पायरीला टेकलं. साहेब खूश आहेत. तळ्याच्या मोरीचा दरवाजा त्यांनी वेल्डिंग करून बंदच करून टाकला, कार्यक्रमापर्यंत पाणी कमी दिसायला नको म्हणून.

एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे, ऐकणाऱ्याला गंमत. भैय्यालालची बायको सत्यभामा, तिची म्हैस गेल्या सोमवारी दोर तोडून तळ्यात शिरली. म्हैस आणि पाणी, त्यात सांगायसारखं काय? मी मंडपात मोजमाप घेत होतो. ती आरामात चालत गेली, पायऱ्यांपासून वीस-पंचवीस हात, आणि तिथं थांबली. पोहली नाही, इंदू. म्हैस पोहते ना? ती उभ्या उभ्या खाली गेली. आधी पाठ, मग मान. शिंगं बराच वेळ वर दिसत होती. ओरडलीसुद्धा नाही. आठ जणांनी दोर टाकून ओढली तर ती मेलेली आणि मानेपर्यंत चिखलानं माखलेली.

साहेब म्हणाले, पाण्यात साप चावला असेल. तसा पंचनामा झाला. मीही तसंच लिहिलं.

सत्यभामा रडली नाही. म्हशीच्या पाठीवरचा चिखल हातानं निपटून काढत होती, आणि मान वर न करता म्हणाली, "ए साल तरिया ह भुखाय हे, बाबू." तळं यंदा भुकेलं आहे. मी म्हटलं, असं काही बोलू नये. ती "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि चिखल काढत राहिली.

घरी आल्यावर वनमालेला सांगितलं तर ती म्हणते, "म्हैस मेली तिची, अन् जेवण तुमचं काहून सुटलं?" आता या बाईला काय सांगावं.

बरं, मला एक वाटून राहिलं. मुलींनी पाण्यात उतरलंच पाहिजे असं काही नाही. पायरीवर बसूनही टोपली सोडता येते. साड्या भिजतील, परत जाताना बसमध्ये सर्दी होईल. तुझ्या त्या नाच बसवणाऱ्या बाईंना सांगून पाहा.

पायलला पापा. तिला म्हणावं, मागं राहणाऱ्याचा फोटो जास्त चांगला येतो.

तुझा,
दादा

*

तात्यापारा, रायपूर
नागपंचमी, बुधवार, ६ ऑगस्ट २००८

प्रिय इंदूस,
आशीर्वाद.

रागावलीस. रागावणारच. "आधी बोलावतोस आणि मग पायरीवर बस म्हणतोस, दादा, तुझं चाललंय तरी काय?" हे वाक्य तू दोनदा लिहिलंस, एकदा पत्राच्या वर आणि एकदा शेवटी, माझं लक्ष नाही असं धरून. लक्ष आहे गं. फोन तुझे चार आले, मी उचलले नाहीत. वनमालेनं उचलला तेव्हा मी खरंच अंघोळीला गेलो होतो. पुढच्या वेळी नव्हतो गेलो.

तर कारणं लिहितो. रस्त्याला तेलीबांध्यापाशी खोदकाम आहे, बस तासभर अडकते. मंडपात पंखे नाहीत. पिण्याच्या पाण्याचा टँकर येईल की नाही सांगता येत नाही. रायपुरात डोळ्यांची साथ आहे. चाळीस मुलींची जबाबदारी म्हणजे काय थट्टा आहे? या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी मी स्वतः घेऊन जाईन.

वाचून पाहिलं. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही कामाचं नाही. तू लहानपणी म्हणायचीस, दादा खोटं बोलला की मुद्दे काढून बोलतो.

तू लिहिलंस की पायलनं देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गहू पेरून ठेवले, रोज हळदीचं पाणी शिंपडते आणि कुणाला डोकावू देत नाही. आणि नाच बसवणाऱ्या बाईंनी मुलींना शिकवून ठेवलं, की खंभ्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून टोपली सोडायची, कारण गावोगावी तशीच रीत आहे. ही ओळ वाचली आणि मी पत्र घडी करून खिशात घातलं. परवा तसाच सरईडीहला गेलो, भैय्यालालच्या घरी. या खेपेला तो आत गेला नाही. मीच आत गेलो, जमिनीवर बसलो.

विचारलं त्याला, तुझ्या आज्यानं खंभा मधोमध का नाही रोवला?

तो म्हणाला, पायऱ्यांपासून पंचवीस हातांपर्यंत तळ्याचा तळ सपाट आहे, बाईमाणसाला गळ्याच्या खाली पाणी. त्याच्या पुढं एकदम खोल. म्हणून जिथं सपाट संपतं तिथंच खंभा. गावात पोर चालायला लागलं की त्याला पहिलं हेच शिकवतात: "खंभा के ए पार हमर, ओ पार तरिया के." खंभ्याच्या अलीकडे आपलं, पलीकडे तळ्याचं. आठ-नऊशे वर्षांत या तळ्यात बाई बुडाल्याचं त्याच्या ऐकिवात नाही. नवरा उभा होता ना, म्हणाला. राखत होता.

आणि आम्ही तो नवरा काचेत ठेवला. जो नवीन ठेवला तो अशा जागी, की मुली जुन्या रीतीनं त्याच्याकडे चालत निघाल्या तर...

मी त्याला म्हटलं, चल, बघू. त्यानं कुंपणातून बारा हातांचा बांबू काढला. आम्ही दोघं पाण्यात उतरलो, दुपारचं स्वच्छ ऊन होतं, मंडपात रंगकाम चालू होतं, रेडिओ वाजत होता. त्यानं माझं मनगट धरलं आणि एका जागी मला थांबवलं. पुढं त्यानं बांबू टाकला.

मी भिजून घरी आलो. बांबू परत आला नाही. याच्यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

इंदू, मुलींना आणू नको. कारण विचारू नको आणि आणू नको. तुला माझी शपथ.

दादा

*

तात्यापारा, रायपूर
गुरुवार, १४ ऑगस्ट २००८

इंदू,

तुझं उत्तर आलं, एका ओळीचं. "शपथेनं शाळा चालत नाही, दादा. कारण लिही." सोबत राखी.

बरोबर आहे तुझं. लिहितो. हे पत्र टपालात टाकत नाही, पराग उद्या सकाळच्या गाडीनं आणून तुझ्या हातात देईल. फोनवर सांगितलं असतं, पण तू काही विचारलं असतंस आणि मी पुन्हा खोटं बोललो असतो. मला माझं ठाऊक आहे. कागदावर मी निदान खोडून पुन्हा लिहू शकतो.

मे महिन्यात खंभा काढला तेव्हाची गोष्ट. भैय्यालाल सकाळपासून येऊन बसला होता. म्हणाला, खंभा काढायचा असेल तर काढा, तुमचं राज्य आहे. पण "गड्ढा ला जुच्छा झन छोड़व." खड्डा रिकामा सोडू नका. जुना खंभा निघतो त्याच दिवशी त्याच खड्ड्यात नवा बसतो, अशी रीत. आणि नवा नसेलच बसवायचा, तर काळी माती, धानाचा भुसा आणि बेलाचा गर कालवून थर टाकायचा, आणि दहा माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून तो अनवाणी तुडवायचा. एक थर तुडवून झाला की सुतार टाच रोवून बघतो. टाच रुतली नाही की पुढचा थर. असे एकवीस थर. दहा दिवसांचं काम. त्यानं मला टाच कशी रोवायची ते करूनही दाखवलं, चपला काढून.

उद्घाटन चार दिवसांवर होतं.

क्रेनवाल्यानं खंभा सरळ उचलला नाही, हलवून हलवून काढला. खड्ड्याच्या कडा ढासळल्या, विहिरीएवढं तोंड झालं, आणि बुडाशी पाझर लागला. आम्ही त्यात दोन ट्रॉल्या वाळू ओतली, वरून मुरूम पसरला, त्याच संध्याकाळी पाणी सोडलं. साहेबांनी कागद पुढं केला. 'खड्डा विधिवत भरून, दाबून घेतला.' मी सही केली. टाच रोवून पाहिली नाही, इंदू. चपला पायात होत्या माझ्या. सदतीस वर्षं मी कागदावर रेघा मारल्या, एक रेघ वाकडी गेली तर आख्खा नकाशा पुन्हा काढला, आणि त्या दिवशी जे झालंच नाही त्याच्याखाली सही केली. एवढंच म्हटलं मनाशी, की आपण नाही केली तर दुसरा कुणी करेल.

अजून आहे. जूनमध्येच गावच्या बायकांनी अर्ज दिला होता. सतरा अंगठे. 'जुन्या खंभ्याच्या जागी जमीन बसते आहे, तिथं कोणाला जाऊ देऊ नये.' म्हणून त्या डबरीवर जात होत्या, फरशीच्या संकोचानं नाही. मला तेव्हाही माहीत होतं, तुला खोटं लिहिलं. तो अर्ज माझ्याकडे आला आणि मी तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. वर पाठवला असता तर माझी सही निघाली असती. नऊ महिने उरले होते नोकरीचे. म्हैस मेली तेव्हा मी ड्रॉवर उघडून अर्ज पाहिला आणि परत बंद केला. मग तुला ती गंमत म्हणून लिहिली.

मी भ्यालो होतो. दुसरं काही नाही. आणि ज्या दिवशी तू लिहिलंस, की पोट्ट्यांना खंभ्यापर्यंत चालायला शिकवलं आहे, त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढं ती शिंगं आली. हिरव्या साडीत.

काल साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, अर्ज समोर ठेवला, माझी सही दाखवली. ते भले माणूस आहेत, ओरडले नाहीत. म्हणाले, "नरहरी भैया, बारा शाळा येत आहेत. छापून आलं आहे. आता काय करायचं? कार्यक्रम झाला की पहिलं काम तेच." मी म्हटलं, निदान पाणी सोडा. म्हणाले, मोरी वेल्ड केली आहे, आणि कापली तरी तळं उतरायला आठ दिवस लागतील. म्हटलं, दोर बांधा, लाल झेंड्या लावा. म्हणाले, फोटोत दिसतील, लोक घाबरतील, एक माणूस उभा करू. मी विचारलं, कोण माणूस? ते दुसऱ्या फोनवर होते.

मी वरही लिहून दिलं आहे, पोच घेतली आहे. तीन जागी दिलं. रविवारच्या आत ते कोणी वाचेल असं मला वाटत नाही. उद्या झेंडावंदन, परवा राखी, दोन्ही सुट्ट्या. बाकी अकरा शाळांना परागनं फोन केले. दोन हेडबाईंनी ऐकलं. बाकीच्यांनी विचारलं, आपण कोण? खरं आहे. मी आठव्या ओळीतला.

तेव्हा तो माणूस मीच.

भैय्यालालशी बोललो. रविवारी सकाळी सातपासून मी त्या खड्ड्याच्या अलीकडच्या काठावर उभा राहीन. कार्यक्रम संपेपर्यंत. तिथं पाय ठेवायला कुठं कठीण जमीन आहे हे त्याच्या टाचेला कळतं, त्यानं काल उतरून जागा धरून ठेवली. माझ्या छातीएवढं पाणी आहे. कमरेला दोर असेल आणि दोराचं दुसरं टोक पायऱ्यांवर त्याच्या हातात. तो स्वतः उभा राहायला निघाला होता. मी म्हटलं, तुझ्या आज्यानं रोवलेला खंभा मी काढला, तर तिथं उभं राहायचं काम माझं आहे. त्यानं दोराची गाठ एकदा ओढून पाहिली. मग विचारलं, "तैरे बर आथे?" पोहता येतं का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, बरं आहे, पोहणारा माणूस जागा सोडतो.

काठ रोज थोडा थोडा ढासळतो आहे. परवा जिथं उभा होतो, तिथं काल त्यानं मला उभं राहू दिलं नाही. हे वनमालेला सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

सत्यभामेनं हळदीची पुडी दिली माझ्याकडे. हळद लावल्याशिवाय खंभा रोवत नाहीत म्हणाली. थट्टेनं नाही, अगदी कामाचं बोलावं तसं. घरी आणली तर वनमालेनं पुडी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "सत्तावन्नाव्या वर्षी अंगाला हळद लावायची हौस आली, तर ती माझ्याशी तरी लावायची होती ना!" आणि मग स्वयंपाकघरात जाऊन जी रडायला लागली, ती अजून रडून राहिली. मला 'जाऊ नका' म्हणाली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

मुलींना आणू नको. आता कारण लिहिलं आहे, आता तरी आणू नको. पण मी तुला ओळखतो. हे वाचून तू मुलींना घरी ठेवशील आणि स्वतः पायलला घेऊन मला पाण्यातून ओढून काढायला येशील. ओढू नको. बाकीच्या नऊ शाळांच्या मुली तुझ्या शाळेच्या नाहीत म्हणून त्या काही कमी वजनाच्या नाहीत. यायचंच असेल तर पायऱ्यांवर भैय्यालालच्या शेजारी बस आणि दोर धरायला मदत कर. सत्तरीच्या माणसाचे हात आहेत ते.

हे पत्र जाळू नको, परागच्या हाती परतही देऊ नको. तुझ्या शाळेच्या कपाटात ठेव. अक्षर माझं आहे, सही माझी आहे, या खेपेला जे झालं त्याच्याखालीच केली आहे. पुढं कुणी विचारलं तर दाखवायला होईल. सतरा अंगठ्यांचा अर्ज सोबत जोडला आहे. त्यांना म्हणावं, बायकांनी आधीच सांगितलं होतं.

राखी सुंदर आहे. शनिवारची वाट पाहिली नाही, आत्ताच बांधली. दातानं गाठ मारली, म्हणून वाकडी बसली. पाण्यात रंग जाईल तिचा, पण सुटणार नाही.

पायलचे गहू वर आले असतील आता. तिचा हिरमोड होईल, तिला मामाचा राग येईल, येऊ दे. ती आलीच तर तिला एक वाक्य सांग. मराठीत सांगू नको, बाबांची माफी मागतो, पण हे तिला नीट कळलं पाहिजे आणि तिनं ते पायऱ्यांवरच्या प्रत्येक पोरीला ओरडून सांगितलं पाहिजे. मामा जहाँ खड़े दिखें, उसके इसी पार. और मामा न दिखें, तो पानी में कोई नहीं.

तुझा दादा,
नरहरी